काचेपलीकडचं ऑईल

२०१० च्या ऑक्टोबर महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या मालकांच्या ताब्यात गेल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता आणि स्टेट बँकेने त्यासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज दिलं होतं. मागास म्हणवल्या जाणाऱ्या मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, याचीच तेव्हा जास्त चर्चा झाली. मला त्या घटनेत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. दीडशे गिऱ्हाईकं एकजुटीने उभी राहिली म्हणून एवढी मोठी कंपनी वाटाघाटीला बसली, बँकही बसली. गिऱ्हाईकाने जोर लावला तर समोरच्याला ऐकावं लागतं, हे त्या सौद्याने दाखवून दिलं.

हा जोर खरेदीच्या दिवसापुरताच टिकतो. वर्षभराने इंजिन ऑईल बदलायची वेळ येते तेव्हा प्रत्येक मालक एकटा असतो. सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर बसतो, समोर काच असते, काचेपलीकडे गाडी रॅम्पवर चढलेली असते, आणि तिच्या पोटाखाली काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. हिंगोलीचा मालक तर बहुधा तिथे नसतोच. एमएच ३८ नंबरची महागडी जर्मन गाडी औंढा, जिंतूर, जालना करत दोनशे किलोमीटरच्या पुढे छत्रपती संभाजीनगरला जाते ती ड्रायव्हरच्या हाती. संध्याकाळी ती धुवून-पुसून परत येते, डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा इशारा गेलेला असतो, फोनवर बिल आलेलं असतं. ऑईल खरोखर बदललं का, याचा पुरावा एवढाच.

इशारा जाणं हा पुरावा नव्हे. तो बटणाने किंवा संगणक जोडून घालवता येतो. ऑईलचा थेंबही न बदलता घालवता येतो. बिलही संगणकच काढतो.

डीलरवर विश्वास ठेवू नका, असं मला म्हणायचं नाही. अधिकृत वर्कशॉपच्या बाजूने भक्कम कारणं आहेत. इंजिन ऑईल म्हणजे नुसती वंगणाची धार नाही. धातूवर धातू घासू न देणं, उष्णता वाहून नेणं, काजळी आणि बारीक कचरा स्वतःत धरून फिल्टरपर्यंत आणणं, ही सगळी कामं ते करतं. डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेलं असलं की झालं, असं अनेकांना वाटतं. तो आकडा फक्त थंडीत आणि गरम असताना ऑईल किती दाट राहील ते सांगतो. मर्सिडीजची २२९.५ किंवा २२९.५२ ही मान्यता, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन-ऑडी गटाची ५०४/५०७ ही मान्यता, या वेगळ्या परीक्षा आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ऑईल जळाल्यावर जी राख उरते ती त्या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी जाळून टाकता येत नाही. म्हणून तिथे कमी राखेचंच ऑईल लागतं. चुकीचं ऑईल घातलं तर गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, दोन वर्षांनी मोठ्या खर्चाचा फिल्टर चोंदतो, आणि तोवर कोणाची चूक हे सांगणारं कोणी उरत नाही. खुल्या बाजारात नामांकित कंपन्यांच्या डब्यांत बनावट ऑईलही मिळतं. या दोन धोक्यांपासून अधिकृत वर्कशॉप बऱ्याच अंशी वाचवतं, हे मान्य केलंच पाहिजे.

पण योग्य ऑईल गोदामात असणं आणि ते तुमच्या इंजिनात पडणं यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. गाडी कितीही महाग असली तरी ऑईल बदलणं हे वर्कशॉपमधलं सर्वांत सोपं काम समजलं जातं, त्यामुळे ते बहुधा सर्वांत नव्या पोराकडे जातं. दिवसाला गाड्या ठरलेल्या, वेळ बांधलेली. चेंबरचा बोल्ट उघडायचा, गरम ऑईल पूर्ण निथळू द्यायचं, बोल्टाखालचा वॉशर नवा घालायचा, टॉर्क पान्याने मोजून आवळायचं, फिल्टर आणि त्याच्या झाकणाची रबरी रिंग बदलायची. घाई झाली की याच कामांना कात्री लागते. निथळायला पंधरा मिनिटांऐवजी पाच मिळतात. वॉशर जुनाच राहतो. बोल्ट हाताच्या अंदाजाने करकचून आवळला जातो आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टरला हातच लागला नाही, तरी बाहेरून कळत नाही, कारण इंजिन सुरू होतं आणि आवाजही नीटच येतो. मोठ्या इंजिनात सहा ते आठ लिटर ऑईल मावतं. त्यातलं लिटरभर कमी पडलं तर मालकाला ते कसं कळणार? अनेक नव्या गाड्यांत ऑईल पाहायची पट्टीसुद्धा उरलेली नाही, पातळी पडद्यावर वाचायची. शिवाय मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑईल डब्यातून येत नाही, पिंपातून नळीने येतं. त्यामुळे सील फोडताना पाहायची सोयही नाही.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी शेतकऱ्याच्या शब्दावर भाव बोलत नाही. ढिगातली कांडी मोडतो, आतला रंग पाहतो, ओल पाहतो. शेतकरीही व्यापाऱ्याच्या नावावर माल सोडत नाही. बोली त्याच्या कानांवर पडते आणि वजन त्याच्या डोळ्यांदेखत होतं. कोणी कोणावर अविश्वास दाखवला असं तिथे कोणालाही वाटत नाही. व्यवहाराची रीतच तशी आहे, आणि म्हणूनच परक्या जिल्ह्यातला शेतकरीही तिथे माल आणतो. तोच शेतकरी हळदीच्या पैशातून गाडी घेतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ‘जुना फिल्टर दाखवा’ म्हणायला संकोचतो. चकचकीत फरशी, एसी, इंग्रजी बोलणारा सर्व्हिस अॅडव्हायजर यांच्यापुढे विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. हा संकोच जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नाव मोठं असलं की तपासायची गरज नाही, या समजुतीची किंमत आपण एकदा मोजली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनने डिझेल इंजिनांत असं सॉफ्टवेअर बसवलं होतं जे प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने चाचण्या केल्यानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. ऑडी आणि स्कोडा तर आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जातात. मराठवाड्यातल्या किती घरांची चूल त्यावर पेटते. तिथल्या कामगाराचा या फसवणुकीशी काही संबंध नव्हता. फसवणूक झाली ती कोणाला पाहता न येणाऱ्या जागी, आणि ती पकडली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर चालवून, म्हणजे बाहेरच्यांनी.

बाहेरच्याला आत पाहू द्यायचं की नाही, हा प्रश्न भारतात कायद्यापुढेही गेला आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणं फक्त आपल्या डीलरनाच देतात, त्यामुळे बाहेरच्या गॅरेजला काम करताच येत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २५४४ कोटी ६५ लाखांचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, स्कोडा होत्या, तशा मारुती, टाटा, महिंद्राही होत्या. कंपन्या अपिलात गेल्या. पण त्या आदेशातला वॉरंटीचा भाग प्रत्येक गाडीवाल्याने वाचावा असा आहे. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. अमेरिकेत मॅग्नुसन-मॉस कायद्याने ही तरतूद १९७५ पासून आहे. आपल्याकडे ‘बाहेर ऑईल बदललं तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य आजही काउंटरवर सहज ऐकायला मिळतं, आणि मालक ते ब्रह्मवाक्य मानून परततो.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेती अवजारांबरोबर वाहनंही तिच्या कक्षेत आहेत, आणि त्याच वर्षाअखेर पोर्टलही सुरू झालं. दिल्लीत बसून हा विषय श्रीमंतांच्या गाड्यांचा वाटू शकेल. हिंगोलीतून पाहिलं तर तो ट्रॅक्टरचाही आहे. आज जर्मन गाडीला संगणक जोडल्याशिवाय हात लावता येत नाही. उद्या ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरची गत तीच होईल. ऐन सोयाबीन काढणीत यंत्र अडलं आणि त्याची किल्ली दोनशे किलोमीटरवर असली, तर पीक थांबत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. डीलरकडे गाडी द्यायची असेल तर ड्रायव्हरला रॅम्पजवळ उभं राहू द्या, ऑईलची मान्यता आणि लिटर बिलावर लिहा, जुना फिल्टर आणि वॉशर डिकीत ठेवा, एवढं जॉबकार्डावरच लिहून घ्यावं. ड्रायव्हरलाही काय पाहायचं ते समजावून सांगावं. बहुतेक ड्रायव्हर मालकापेक्षा इंजिन जास्त ओळखतात, पण त्यांना विचारायचा अधिकार कोणी दिलेला नसतो. पाच-दहा मालकांनी मिळून हे लेखी कळवलं तर कोणताही वर्कशॉप मॅनेजर नाही म्हणणार नाही. दुसरीकडे, हिंगोली-वसमतच्या ज्या मेकॅनिकने आयटीआय करून वीस वर्षं हात काळे केले आहेत, त्याला कंपनीचे तपशील, अस्सल फिल्टर आणि दोष शोधणारं उपकरण विकत तरी मिळालं पाहिजे.

त्याच्याकडूनही मग एक अपेक्षा येते. गावच्या गॅरेजमधलं जळकं ऑईल आज सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, नाही तर नालीत जातं आणि नालीतून कयाधू नदीत. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ते गोळा करणारी गाडी हिंगोली, कळमनुरी, सेनगावच्या गॅरेजपर्यंत नियमित यावी, ही मागणी गॅरेजवाल्यांनी आणि गाडीवाल्यांनी मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायला हवी, आणि गाडी येईपर्यंत प्रत्येक गॅरेजने ते झाकणाच्या पिंपात साठवून त्याची नोंदवही ठेवायला हवी.