फेडीनंतरचे ऋण

नवस फेडून देवळाची पायरी उतरणाऱ्या भाविकाच्या मुद्रेवर सुटकेचे समाधान असते. बोलल्याप्रमाणे दिले, हिशेब पुरा झाला. परंतु देवाशी असलेला हिशेब कधी पुरा होतो काय?

यहुदी व ख्रिस्ती बांधवांच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतील ११६ व्या स्तोत्राचा कर्ता मरणाच्या दारातून परतला आहे. देवाच्या उपकारांची फेड कशी करावी, हा त्याचा प्रश्न. तो नवस फेडणार आहे, तेही सर्वांसमक्ष. पण त्याआधी तो तारणाचा प्याला हाती घेण्याची आणि देवाचे नाव घेण्याची गोष्ट बोलतो. फेडीच्या प्रश्नाला पहिले उत्तर 'देणे' नसून 'घेणे' आहे! उपकार नम्रपणे स्वीकारणे हीच कृतज्ञतेची पहिली पायरी होय.

हा विचार आपणांस परका नाही. तैत्तिरीय संहितेने ऋषी, देव व पितर यांची तीन ऋणे जन्माबरोबरच सांगितली आहेत. देवांचे दान त्यांना न अर्पिता भोगणाऱ्यास गीतेचा तिसरा अध्याय चोर म्हणतो.

कायद्याची दृष्टी निराळी आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन घालते. निरपेक्ष उपकार मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो. उसन्या रकमेच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. जेथे दावा चालत नाही आणि मुदत संपत नाही, तेथूनच कृतज्ञतेचे राज्य सुरू होते.

कोणी विचारील, पीक बुडाले तर आभार कशाचे मानावे? दुःखिताला कृतज्ञतेचा उपदेश करणे हे क्रौर्यच होईल. तथापि आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या गुडीहत्नूरच्या काळ्या रानात श्रावण अमावास्येला पोळा येतो, तेव्हा कापूस वेचणीला आलेला नसतो. वर्ष कसे जाईल, हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही बैलाच्या खांद्यावरचे जू त्या दिवशी उतरते आणि त्याची पूजा होते. बैलाने काही मागितलेले नसते, त्याला नवसही बोललेला नसतो. फळ हाती येण्यापूर्वी, मागू न शकणाऱ्याचे श्रम स्मरणे, ही साधना आमच्या कास्तकाराला कोणी शिकवावी लागली नाही. देवळात आपण तेवढेच शिकलो, तरी पुष्कळ झाले.