दार लावण्याआधी



कोकणात शेकडो वर्षे राहिलेले आणि मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू बांधव आपल्या एका सणाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. दरफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी ते दारे बंद करून, अन्नपाणी वर्ज्य करून प्रार्थनेत राहत. जगभरचे ज्यू लोक याच सणाला ‘योम किप्पूर’ म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात. हा सण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. उपवास सुमारे २५ तासांचा असतो. दुपारी सभास्थानात योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचले जाते. शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नईला’, म्हणजे दार बंद होणे.

लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात या दिवसाचा विधी दिला आहे. प्रमुख याजक वर्षातून याच दिवशी परमपवित्र स्थानात जाई. तो एक बकरा लोकांच्या पापांसाठी अर्पण करी. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. इब्री लोकांस लिहिलेले पत्र आपल्याला शिकवते की ख्रिस्त हा आपला प्रमुख याजक आहे. तो स्वतःचे रक्त घेऊन एकदाच आणि कायमचा त्या पवित्र स्थानात गेला.

मग या सणाकडून आपण काय शिकावे? इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि अर्पणे थांबली. पुढे ज्यू धर्मगुरूंची शिकवण ‘मिश्ना’ या ग्रंथात एकत्र झाली. तिच्यात या दिवसाविषयी एक रोखठोक नियम आहे. देवाविरुद्ध केलेल्या पापांचे प्रायश्चित्त या दिवशी होते; पण शेजाऱ्याचा अपराध केला असेल, तर आधी त्याची समजूत घालावी लागते. तोवर त्या पापाचे प्रायश्चित्त होत नाही.

हा नियम वाचला की मनात प्रश्न उभा राहतो. मी भावाची जमीन बळकावली किंवा शेजारणीची बदनामी केली. मग पापनिवेदन केले, फादरांनी पापमुक्ती दिली. सारे संपले का?

देवाची क्षमा भावाच्या मर्जीवर अडून राहत नाही, हे खरे. नाहीतर एखाद्याच्या हट्टापायी पश्चात्तापी माणूस कायमचा अडकला असता. पण भावाचे तोंडही पाहायला तयार नसलेले मन खरोखर पस्तावले आहे का? ख्रिस्तसभा सांगते की पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे, घालवलेली अब्रू शक्य तेवढी परत मिळवून द्यावी. जक्कयने हे ओळखले होते. फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी त्याने स्वतःहून दाखवली. आणि प्रभू येशूने तर वेदीपुढची भेट तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे.

समोरचा माणूस ऐकतच नसेल तर? १२ व्या शतकातील ज्यू विद्वान मायमोनिदीस सांगतात की तीन माणसे बरोबर घेऊन जा, पुन्हा जा, तिसऱ्यांदाही जा. तरीही त्याने क्षमा केली नाही, तर दोष त्याचा. तो माणूस वारला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरेपाशी जा आणि अपराध कबूल करा. देणे असेल तर ते वारसांना द्या.

ख्रिस्ती लोकांनीही ज्यू लोकांचा मोठा अपराध केला आहे. म्हणून २६ मार्च २००० रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे यरुशलेमला पश्चिम भिंतीपाशी गेले. वय झालेले, हात थरथरणारे पोप महोदय. ज्यू लोकांना ज्यांनी छळले त्यांच्या वतीने देवाकडे क्षमा मागणारी प्रार्थना त्यांनी त्या भिंतीच्या फटीत ठेवली. ही प्रार्थना रोममध्ये बसूनही करता आली असती. पण ज्यांचा अपराध झाला, त्यांच्या दारी ते गेले.

मिस्सेत आपण शेजारच्या बाकावरील माणसाला शांती देतो. ते सोपे असते. ज्याच्याशी बांधावरून किंवा वाटणीवरून बोलणे तुटले आहे, तो कदाचित पलीकडच्या रांगेत बसलेला असतो. मिस्सा संपल्यावर तो बाहेर पडण्याआधी त्याला गाठणे, हेच अवघड.

बेने इस्रायल बांधवांच्या दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ असे. कालची बंद दारे उघडत, गरिबांना दानधर्म होई, लोक एकमेकांच्या भेटीला जात. आपणही या आठवड्यात एक दार ठोठावू या. ते उघडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. तिथवर चालत जाण्याचे बळ प्रभू आपल्याला देवो.