‘आमच्याकडे तसं मूलच नाही’

अंगठा, तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं मिटलेली, मागे फलक, पुढे पाहुणे. सांकेतिक भाषा दिनाचे हे फोटो दरवर्षी सगळ्या गटांवर फिरतात. फोटोतली ती खूण अमेरिकी सांकेतिक भाषेतली आहे. तिथल्या एकहाती वर्णमालेतली आय, एल आणि वाय ही अक्षरं एकत्र करून ती तयार झाली. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी दाखवतात. म्हणजे वर्षातून एक दिवस एकच खूण करायची, तीही दुसऱ्यांच्या भाषेतली. दिन साजरे करण्याच्या सवयीवर या स्तंभात पुन्हा पुन्हा बोट ठेवावं लागतं, कारण फोटो निघाला की काम झाल्यासारखं वाटतं आणि काम तिथेच राहतं. इथे राहिलेलं काम अगदी साधं आहे. तुला भूक लागली का, कुठे दुखतंय, कोणी मारलं, एवढं कर्णबधिर मुलाला त्याला कळेल अशा भाषेत विचारणारी किती माणसं आपल्या अंगणवाड्यांत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत आहेत?

या प्रश्नावर चिखली तालुक्यातल्या अमडापूरपासून मुंबईपर्यंत एकच उत्तर मिळतं: ‘आमच्याकडे तसं मूलच नाही.’ हे उत्तर इतक्या सहज दिलं जातं की ते नीट तपासून पाहिलं पाहिजे. 2011 च्या जनगणनेने देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली सुमारे 50 लाख माणसं मोजली, त्यातली पावणेपाच लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. त्यांत लहान मुलंही होती, आणि अशी मुलं आजही आहेत. ती कोणत्याच अंगणवाडीत नसतील आणि कोणत्याच शाळेत नसतील, तर आहेत कुठे? बरं, ‘नाही’ हे ठरवलं कोणी? थोडं ऐकू येणारं मूल हाकेला कधी वळतं, कधी वळत नाही. आपण त्याला हट्टी म्हणतो. दुसऱ्यांकडे बघून उठणारं-बसणारं मूल आपल्याला लाजरं वाटतं. फळ्यावरचं ते हुबेहूब उतरवतं, वहीत लाल शाईने ‘छान’ मिळतं आणि ते वर्ग चढत जातं. उतरवलेल्यातलं त्याला काय कळलं, हे कोणी विचारलेलं नसतं. विचारायला भाषाच नव्हती.

समजा, शाळेत खरोखरच असं मूल नाही. मग ते का नाही? प्रवेशाच्या वेळी आई-बापांना सांगितलं गेलं की याला मूकबधिर शाळेत घाला, इथे कोणाला जमणार नाही. मग सहाव्या वर्षी ते दूरच्या वसतिगृहात गेलं किंवा घरीच राहिलं. त्याच्याशी बोलता येणारं कोणी नव्हतं म्हणून ते आलं नाही, आणि ते आलं नाही म्हणून त्याच्याशी बोलायला कोणी शिकायचं नाही! आपल्याच उणिवेचा परिणाम आपण त्या उणिवेचं समर्थन म्हणून पुढे करतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन कोणाला साप चावल्यावर मागवायला घेत नाहीत. वर्षभर कोणालाच साप चावला नाही, म्हणून त्या साठ्याला कोणी उधळपट्टीही म्हणत नाही. तयारी आधी लागते, कारण नंतर वेळ नसतो. भाषेच्या बाबतीत ती वेळ याहूनही कठोर आहे, कारण इथे उशीर झाल्याचं त्या दिवशी कोणाच्या लक्षातच येत नाही.

मूल पहिली भाषा आयुष्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पकडतं. रेचल मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2002 सालचं संशोधन याबाबत स्पष्ट आहे. लहानपणी कोणतीही एक भाषा पूर्णपणे मिळालेल्या माणसाला पुढे दुसरी भाषा चांगली शिकता येते, मग ती पहिली भाषा तोंडाची असो की हाताची. ज्यांना लहानपणी कोणतीच भाषा धड मिळाली नाही, ते नंतर कोणत्याही भाषेत मागे राहतात. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात, असं अमेरिकेतला अभ्यास सांगतो. म्हणजे घरात प्रेम असतं, पण भाषा नसते. जेवण, झोप, पाणी यांच्या घरगुती खुणा होतात आणि गाडी तिथेच अडते. काल, उद्या, का, समजा, हे त्या खुणांत मावत नाही. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुलं शाळांत एकत्र आली तेव्हा त्यांनी आपल्या घरगुती खुणांतून एक नवी भाषा उभी केली. तिचं व्याकरण अधिक पक्कं केलं ते पाठोपाठ आलेल्या लहानग्यांनी. भाषेची भूक प्रत्येक मुलात असते. तिला लवकर माणसं मिळावी लागतात. आपल्याकडे घराबाहेरचं असं पहिलं माणूस म्हणजे अंगणवाडी सेविका. म्हणून सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणाची सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी, दहावीच्या वर्गापासून नव्हे.

खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं थांबेल, ही भीती जुनी आहे. 1880 साली मिलान इथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषा वर्गातून हद्दपार केली. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत माझगावला निघाली तीही त्याच दशकात, आणि ओठ वाचा, तोंडाने बोला हीच शिकवण आपल्याकडे दीर्घकाळ चालली. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. ओठ वाचून मराठी किती कळते, ते आरशासमोर करून पाहावं. ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माट’ म्हणताना ओठ एकसारखेच मिटतात, आणि क, ख, ग तर ओठांवर उमटतच नाहीत. त्यात आपले कितीतरी शिक्षक फळ्याकडे तोंड करूनच बोलतात, म्हणजे वाचायला ओठही मिळत नाहीत. श्रवणयंत्र जरूर द्यावं, कॉक्लिअर इम्प्लांट होण्यासारखं असेल तर तेही करावं. पण शस्त्रक्रियेनंतर ऐकलेल्याचा अर्थ लागायला महिने-वर्षं जातात. तोवर मुलाने विचार कोणत्या भाषेत करायचा?

सेविकेवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचा जाब तिला नव्हे, सरकारला विचारला पाहिजे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती ठरवून दिली. मूल लवकर ओळखा, इतरांत सामावून घ्या, आशा आणि बालस्वास्थ्य पथकाकडे पाठवा, असं ती सांगते. चांगलंच आहे. पण ओळखल्यानंतर सेविकेने त्या मुलाशी दिवसभर बोलायचं कसं? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्याचं कलम 16 कर्णबधिरांना सर्वांत योग्य भाषेतून शिक्षण द्या म्हणतं, तर कलम 17 सांकेतिक भाषा येणाऱ्या शिक्षकांना, त्यांतल्या दिव्यांग शिक्षकांसह, प्रशिक्षण आणि नोकरी द्या म्हणतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2018 मध्ये तीन हजार शब्दांचा होता, 2021 मध्ये दहा हजारांचा झाला, आणि तो चित्रफितींसह सर्वांना खुला आहे. कायदा आहे, साहित्य आहे. शिकवायची माणसंही आहेत: ज्यांची ही भाषा आहे ते प्रौढ कर्णबधिर. त्यांना मानधन देऊन बोलवावं. त्यांच्याऐवजी ऐकू येणाऱ्या तज्ज्ञाचं त्यांच्याविषयी भाषण ठेवू नये.

प्रत्येक शिक्षकाला ही भाषा यायला हवी, हे तत्त्व मला सोडायचं नाही. पण ते उद्या होणार नाही, हेही दिसतं. तीन दिवसांच्या वर्गातून दुभाषा तयार होत नाही. शे-दोनशे खुणा आणि मुलाकडे तोंड करून बोलण्याची सवय लागली तरी पुष्कळ झालं. तेव्हा चिखली तालुक्यात आणि बुलढाणा जिल्ह्यात निदान शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक शिक्षक आणि अंगणवाड्यांच्या प्रत्येक बीटमध्ये एक सेविका, इतक्यावर सुरुवात करू. त्यांना वर्षभर सराव द्यावा आणि बदल्यात एखादा अहवाल, एखादी माहिती भरण्याचं काम कमी करावं. फक्त शेवटी प्रमाणपत्रं वाटू नयेत. भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र कोणाशी बोलत नाही. एखाद्या कर्णबधिर व्यक्तीशी पाच मिनिटं बोलून दाखवणं हीच परीक्षा असावी, आणि परीक्षक म्हणून त्याच व्यक्तीने निकाल द्यावा. जे नापास होतील त्यांनी पुन्हा बसावं. मुलांना आपण तेच सांगतो.