सांधणारे हात

कबनूरमध्ये रात्रीसुद्धा मागांची खटखट चालूच असते. ती थांबायची वाट पाहू नका. डोळे मिटा, तिच्यातच बसा. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, टोक हुडकायचं, गाठ मारायची. इथल्या बोटांना हे पाठ आहे. तुमची बोटं मात्र आता मांडीवर सैल सोडा.

मनानंच पूर्वेकडे निघा. कुरुंदवाड मागे टाकून कृष्णाकाठच्या खिद्रापूरला या. चपला काढा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मधल्या गोल शिळेजवळ उभे राहा. पायांना गार दगड लागेल. भोवती 48 खांब. वर छत नाही, सुमारे तेरा फूट रुंदीचं गोल आभाळ आहे. त्याच्याकडे पाहा. मान अवघडली तरी थोडं थांबा.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पण दक्षिण दाराजवळ एक शिलालेख आहे, तो देवगिरीच्या सिंघण यादवाचा, 1213-14च्या सुमाराचा. कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी गाव दिल्याची ती नोंद. त्यात जुगूळ, शिरगुप्पी ही नावं येतात. दोन्ही गावं आजही नांदती आहेत, नदीपलीकडे कर्नाटकात. मला हा लेख इथल्या साऱ्या कोरीवकामाहून जवळचा वाटतो. बांधणारे गेल्यावर, उद्या इथे दिवा कोण लावणार, याची काळजी कुणीतरी केली. या काळजीपाशी जरा बसा.

आता बाहेर या. देवळाचा भार पाठीवर घेतलेले हत्ती बघा. कितीतरी सोंडा तुटल्यात. 1954पासून देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. कलता दगड सावरायचा, पण हरवलेली सोंड अंदाजानं घडवायची नाही, अशी त्या कामाची रीत. ही रीत मला पटते. तुमचं मन मात्र ती सोंड पुरी करायला धावेल. धावू दे. मग हळूच तुटलेल्या जागेवर परत आणा.

2005ला आणि 2019ला कृष्णेचा महापूर या गावात शिरला. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला कुणाकुणाचे हात लागले असतील, ते डोळ्यांपुढे आणा. चिखलानं भरलेली नखं, खराट्याचा आवाज.

तुमच्या घरातलं असं काय आहे, जे कुणी सांधून, ठिगळ लावून तुमच्या हाती दिलं? एखादी गोधडी असेल. तो चेहरा आठवा. नाव मनात घ्या.

पुन्हा खटखट ऐका. शेजारचा एखादा माग मध्येच थांबेल. तो परत सुरू होईपर्यंत बसून राहा.