शिंग, साद आणि संशय

किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात रात्री सांबर ओरडले की ऐकणारा चटकन ठरवतो, नर आहे. माळावर शिंगे दिसली तरी निवाडा तोच. पण कानाला कळला तो आवाज, डोळ्यांना दिसले ते शिंग. नरपण आपण त्यावरून काढले. न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे, आणि हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढला ती खूण, कुठेही ढळणार नसेल तरच अनुमान टिकते. वैशेषिक सूत्रांनी ढळणाऱ्या हेतूचा दाखला नेमका शिंगांचाच दिला आहे: शिंगे आहेत एवढ्यावरून प्राणी गाय ठरत नाही. आपल्या माळांवर तो आजही पडताळता येतो. चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक, आखूड शिंगे असतात. उलट सांबराच्या नराची शिंगे दरवर्षी गळतात, बहुधा ऐन उन्हाळ्यात. काळविटाचा कोवळा नर तर रंगाने मादीसारखाच पिंगट असतो. काळेपण वयाबरोबर येते. आवाजाचेही तसेच. माजावर आलेल्या चितळाची डरकाळी नराचीच, तिथे हेतू पक्का. वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावरची इशाऱ्याची हाक मात्र नर-मादी दोघेही देतात. उत्तर अमेरिकेतल्या एल्कची लांब शीळ नराची म्हणून प्रसिद्ध आहे, तरी त्याची मादीही क्वचित तशी शीळ घालते.

यावर कुणी म्हणेल, रानात आयुष्य काढलेल्या माणसाला हे एका हाकेत कळते. त्याचे वचन आप्तवचन, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा शब्द, म्हणून का मानू नये? मानावेच. पण तो एका खुणेवर कधीच थांबत नाही. मानेची जाडी, चाल, कळपातली जागा, सोबतचे पाडस, चालू महिना, हे सगळे तो जुळवतो, आणि जुळले नाही तर गप्प राहतो. त्याचे ते गप्प राहणेच त्याला आप्त ठरवते. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: संशय धरून बसले तर काम कसे चालायचे? गीतेनेही संशयात्म्याचा नाश सांगितला आहे. मात्र तिथला संशय श्रद्धाहीनाचा आहे. न्यायदर्शन संशयाला आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, स्थान देते, कारण शोधाची सुरुवातच त्याच्यापासून होते. घाईच्या निश्चयाची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते. प्रगणनेत कोवळे नर माद्यांत मोजले गेले तर कागदावर माद्या वाढतात आणि कळप आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतो. ज्या माहूरला दत्तभक्त आणि महानुभाव दोघेही पवित्र मानतात, त्याच्या भोवतालच्या रानात तरी अहिंसेचा अर्थ न मारण्यापुरता ठेवू नये. न पाहिलेले त्या जिवावर न लादणे, हेही तिच्यात येते.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर प्रगणनेला बसणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. सांबराची शिंगे गळण्याचा काळ तोच, आणि उजेड चांदण्याचा. पाण्यावर आलेल्या जनावराचे डोके बोडके दिसले आणि दुसरी खूण पटली नाही, तर नर किंवा मादी लिहू नका, ‘अनिश्चित’ लिहा.