दाते खाली केल्यावर

आधी गोधडी जमिनीवर पसरा. पलंगावर नको, गादी दबते आणि कापडाला खोटा झोल येतो. फरशी पुसून घ्या, कोरडी होऊ द्या, मग पसरा. आणि लगेच कामाला लागू नका. थोडा वेळ तिच्याशेजारी नुसतं बसा. मांडी घालता येत असेल तर मांडी घालून, गुडघे कुरकुरत असतील तर पाटावर.

घरात शिवायला काढलेली गोधडी नसली तरी चालेल. कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी जुनी असेलच. ती काढा, मांडीवर घ्या. पुढचं बरंचसं तेवढ्यावर होईल. मशीनचा भाग तेवढा मनातल्या मनात करा.

एक कोपरा अंगठा आणि बोटं यांच्यात धरा आणि हळूच चोळा. वरती तुकड्यांचा थर, मध्ये पोट, खाली अस्तर. अजून टाके पडलेले नाहीत, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. तिघांना एकमेकांची ओळख नसल्यासारखे. जुन्या, शिवलेल्या गोधडीवर हेच करून बघा. तिथे काही सरकत नाही. दोन ओळींच्या मधला भाग तेवढा बोटाखाली किंचित फुगतो, दबतो, परत फुगतो. ऊब म्हणतात ती त्या फुगवट्यात असते. टाक्यांनी अडवून ठेवलेल्या हवेत.

बोट तिथेच राहू द्या. घाई नाही.

माझ्यासमोर आहे तिचे तुकडे सासूबाईंनी जोडले आहेत. हातावर, धावदोऱ्याने, दुपारच्या वेळात. तीन पावसाळे लागले. त्यात एका जुनेराला दंड घातलेला आहे, म्हणजे मधला विरलेला भाग कापून दोन्ही धडकी टोकं जोडलेली. पुढे ते लुगडंच विरलं तेव्हा त्याचे चौकोन झाले. एका चौकोनातून दंडाची ती जुनी शिवण तिरकी गेली आहे. मी ती बराच वेळ बघत बसले. तुम्हीही तुमच्या गोधडीत असा एक तुकडा शोधा, जो गोधडीत येण्याआधीच एकदा शिवला गेला होता. शर्टाचा खिसा निघालेली जागा, खणाची कड, लांब केलेल्या परकराची पट्टी. सापडला की तळवा त्यावर ठेवा. काही आठवायचा प्रयत्न करू नका. आठवायचं असेल ते आपसूक येईल, नाही आलं तर कापड आहेच.

पुढे सासूबाईंच्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. दाभण सोडा, साधी सुईसुद्धा धरवेना. “आता तू मशीनवर टिपा मार,” म्हणाल्या, आणि घडी माझ्या हातात दिली. शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मशीनवर? मग ती गोधडी कसली!”

हा प्रश्न मी बरेच दिवस बाळगला. अमेरिकेतही तो विचारला गेलेला आहे, आणि चांगला कडाडून. केंटकी राज्यातल्या पडूका गावी क्विल्टांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे 1989 साली सर्वोच्च बक्षीस कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला मिळालं. तोवर हा मान हातशिलाईचा होता आणि ही क्विल्ट होती मशीनवर शिवलेली. वाद झाला. हातानं केलेलं म्हणजे नेमकं कशानं केलेलं? माझं मत मी आत्ताच सांगून टाकते: साध्या टिपेबद्दल काकूंचं थोडंफार बरोबर आहे, पण दाते खाली केल्यावर नाही. का, ते मशीनपाशी बसल्यावर कळेल.

त्याआधी पिना. अस्तर उलटं अंथरून कडेने चिकटपट्टीने फरशीला ताठ चिकटवा, त्यावर पोट, त्यावर तुकड्यांचा थर. मी पोटात दोनच जुनेरं घातली. हाताच्या गोधडीत चार-पाच सहज मावतात, पण मशीनच्या सुईला एवढं सोसत नाही. मग मधून सुरुवात करून बाहेर जात सेफ्टी पिना लावा. अंतर मोजायला पट्टी नको. मूठ वळा आणि गोधडीवर कुठेही ठेवा. मुठीला एक तरी पीन लागली पाहिजे. दोनशेच्या आसपास पिना लागतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला कंटाळवाणंच राहू द्यावं. प्रत्येक पीन लावताना श्वास सोडा वगैरे मी सांगणार नाही. पाठ दुखली की उठा, चहा घ्या, परत या.

आता मशीन.

कापडाला पुढे ढकलणारे दाते सुईखालच्या पट्टीतून डोकावतात, ते आधी बोटाने चाचपून बघा. आपण आयुष्यभर यांच्या भरवशावर शिवत आलो. सुई वर गेली की हे दाते कापडाला ठरलेलं एक पाऊल चालवतात आणि खाली जातात. टाका किती लांब हे चकतीवर ठरतं, दिशा पुढचीच. आपण फक्त कापड सरळ धरायचं. नव्या मशीनला हे दाते खाली करायचा छोटा खटका असतो, जुन्या काळ्या मशीनला कुठे स्क्रू असतो, कुठे दात्यांवर पट्टी बसवावी लागते. खाली करा. मग रिकाम्या पट्टीवरून बोट फिरवा. गुळगुळीत. आता कापडाला कुणीही कुठे नेणार नाही.

शिवणक्लासला गेलेल्या बायकांना हे नवीन नाही. मशीनवरचं भरतकाम शिकवताना फूट काढून, दाते बंद करून, कापड रिंगमध्ये ताणून बसवत आणि रिंग हातांनी फिरवायला लावत. मी तशा रिंगमध्ये उशीच्या अभ्र्यावर पोपट भरले आहेत. पोपट कमी, हिरवी भेंडी जास्त दिसायचे. आज त्याला फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात. रिंगऐवजी दोन तळवे, आणि मशीनला उड्या मारत चालणारं गोल तोंडाचं फूट.

शिवायला बसण्याआधी एक करून बघा. पेन्सिल उभी धरा, टोक खाली, आणि ती हलवू नका. दुसऱ्या हाताने तिच्याखालचा कागद सरकवा आणि ‘ग’ लिहा. उजवीकडे रेघ हवी असेल तर कागद डावीकडे न्यावा लागतो. काना सरळ येत नाही, शिरोरेषा साप होते. पुन्हा लिहा. दहाव्या ‘ग’ला हात विचारणं सोडतो. संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलं होतं. अंबाजोगाईची त्यांची पासोडी चाळीस हात लांब आणि चार हात रुंद, तिच्यावर त्यांचं ‘पंचीकरण’ आहे. लिहिणारा हात फिरला, कापड स्थिर राहिलं. आपलं बरोबर उलटं आहे, एवढंच. पण हस्ताक्षर इथेही लपत नाही.

सोळा नंबरची सुई लावा. गोधडीची गुंडाळी करून उजवी बाजू मशीनच्या पोटात घाला, डावीकडे टेबल किंवा खुर्ची लावून बाकीचं वजन तिच्यावर टाका. गोधडी खाली लोंबली की सुई ओढली जाते आणि मोडते. ओलं फडकं जवळ ठेवून तळवे जरासे दमट करा, नाहीतर रबरी दाण्यांचे मोजे घाला, म्हणजे पकड येते. सुरुवात मधून. सुई एकदा खाली-वर करून बॉबीनचा दोरा वर ओढून घ्या. दोन्ही दोरे धरून जागच्या जागी दोन-तीन बारीक टाके. पण त्याआधी फूट खाली टाका. ते कापड दाबत नाही म्हणून विसरायला होतं, पण ते खाली आल्याशिवाय वरचा दोरा ताण धरत नाही. मी विसरले होते. वीतभर शिवून गोधडी उलटली तर खाली दोऱ्याचं जाळं. ते उसवायला अख्खी दुपार गेली.

आता खांदे बघा. कानापर्यंत आले असतील. खाली सोडा.

पाय हळूहळू दाबा. हात चालू द्या. सुईकडे बघू नका. सुई कुठे जाणार नाही, ती आहे तिथेच वरखाली करते आहे. तिच्या बोटभर पुढे बघा, जिथे जायचं आहे तिथे. आणि कान मशीनला द्या. समजा मशीन सेकंदाला दहा टाके घालतं आहे. हात सेकंदाला एक इंच सरकला तर इंचाला दहा टाके पडतील, सुबक. हात रेंगाळून अर्धाच इंच गेला तर इंचाला वीस, मुंग्यांची रांग. हात घाबरून दोन इंच पळाला तर पाच, आणि त्या लांब टाक्यात पायाचं बोट अडकणार. तेव्हा टाक्याची लांबी आता कुठल्याही चकतीवर नाही. पायाचा वेग आणि हाताचा वेग यांच्या भागाकारात आहे, आणि तो भागाकार तुमचा तुम्हाला अंगाने करायचा आहे. ज्या मशीनला काकू नावं ठेवतात ते आता फक्त सुई वर-खाली करतं. कुठे जायचं, कसं वळायचं, किती लांब पाऊल टाकायचं हे सगळं हाताकडे परत आलेलं आहे. साध्या टिपेत हे नव्हतं.

वळणावर काय होतं ते पाहा. पाय तोच ठेवून आपण वळणावर हात झपकन ओढतो. सगळेच ओढतात. त्याने वरून काही दिसत नाही, पण मागच्या बाजूला पापण्यांसारखे दोऱ्याचे फास येतात. तेव्हा वळण आलं की हात मंद करा, सरळ वाटेवर करता त्याहूनही मंद.

नागमोडी जा. ओळ स्वतःला ओलांडणार नाही एवढंच पथ्य. नदी जशी वळते तशी वळवा, पण आखून नको. थोड्या वेळाने असं होईल की तुम्ही स्वतःच्याच ओळींनी वेढलेल्या जागी याल आणि बाहेर पडायला वाट नसेल. ते कळेल तेव्हा पाय काढा. हाताने चाक फिरवून सुई कापडात उतरवा आणि थांबा.

हे थांबणं जरा लांबवा. सुई तिन्ही थरांतून आरपार आहे. तुम्ही हात काढलेत, पाठ टेकलीत, पाणी प्यायलात तरी गोधडी जागा सोडणार नाही. मला सगळ्या कामात हीच जागा सर्वात आवडते. मशीनचा आवाज बंद झाला की घर ऐकू येतं. कुकर, खालच्या मजल्यावरची मुलं, पंख्याची कुरकुर. मग हात नव्या जागी ठेवा. वाट नसेल तर ओळ ओलांडा. पथ्य मोडलं तर गोधडी फाटत नाही.

आपण मधून निघून कडेकडे चाललो आहोत, कारण जास्तीचं कापड बाहेर ढकलत न्यायचं आहे. कडेनं सुरुवात केली तर मध्ये चुण्या साचतात. हे मी नियम म्हणून शिकले होते. मग कवंदी नावाची गोधडी पाहिली. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतले पुष्कळ पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. सिद्दी बायका कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि चारी बाजूंनी आत आत येतात. तुकडा ठेवायचा, कड मुडपायची, सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा, की पुढचा तुकडा. तुकडे जोडणं वेगळं आणि टाके घालणं वेगळं असं तिथे नाहीच. शेवटचा तुकडा मधोमध बसतो. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात, ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात.

म्हणजे सासूबाई आणि मी, आम्ही दोघींनी वाटून घेतलं ते तिथे एकच बाई एकाच ओळीत करते. तिला ‘पूर्ण करायला’ दुसरीकडे द्यावी लागत नाही. हे कळल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं आणि थोडी मौजही वाटली. आमच्या गोधडीत दोन हात आहेत, ते लपवायचं कशाला? सासूबाईंचा धावदोरा तुटक आहे, दोन टाक्यांमध्ये श्वास घेणारा. माझी ओळ अखंड. दंडाच्या त्या तिरक्या शिवणीपाशी आले तेव्हा मी तिच्यावरून गेले नाही. वळसा घातला.

रोज थोडं. तासाभरापुढे हात खोटं बोलायला लागतात. खिडकीतला उजेड आडवा पडेल अशा वेळी गोधडी उलटून मागची बाजू बघा. पापण्या दिसतील. ज्यात बाळाचं बोट अडकेल त्या उसवा, बाकीच्या राहू द्या.

कडेने गोट लावा. हा मी हातानेच घालते, अगदी सवयीने. सासूबाईंना गोटाची एक बाजू दिली. अंगठा दुखत होता तरी त्यांनी वीतभर टाके घातले. मग सुई कापडात खोचून म्हणाल्या, “बास, आता तू.” त्यांच्या वीतभरात सात टाके आहेत, मोठे, वाकडे. उसवलेले नाहीत.

पिना मोजून डब्यात ठेवा. एक कमी भरली तर गोधडी चाचपा, झोपेत टोचण्यापेक्षा आत्ता सापडलेली बरी. मग साध्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. सुती पोट किंचित आटतं, टाके आत रुततात, कापडावर बारीक सुरकुत्या येतात आणि रोज खुपणारी निम्मी वळणं त्यात हरवून जातात. रंग उडू नये म्हणून वाळत घालताना मागची बाजू बाहेर करा.

दोरी गॅलरीतच आहे. अस्तर पांढरं आहे आमचं, त्यावर निळा दोरा. काकू समोरच्या गॅलरीत कपडे काढत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, “ती एक जागा मोकळी का सोडलीस, तिरकी?”