विद्येची वाट आणि शिध्याचा हिशेब

ठाण्यास, कल्याणास, डोंबिवलीस, कोठेही कीर्तनाला उभे राहावे, प्रवेशाचे दिवस आले की बुक्का लावून झाल्यावर एक प्रश्न हमखास पुढे येतो. मुलाचे मन एका नामांकित कॉलेजावर बसले आहे, जागाही मिळते आहे. पण फी आवाक्याबाहेरची. दुसरे कॉलेज नावाने लहान, पण शिष्यवृत्ती देते आहे. "बुवा, पोराला कुठं घालावं?"

प्रश्न पैशाचा दिसतो, पण मुळात तो धर्माधर्माचा आहे.

पूर्वपक्ष असा. कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय या दोन वाटा सांगितल्या. हिताचे ते श्रेय, गोड वाटते ते प्रेय. मग आवडते कॉलेज हे प्रेय आणि शिष्यवृत्तीचे ते श्रेय, झाला निकाल! पण थांबा. यमाने हत्ती, घोडे, सोने, दीर्घ आयुष्य आपण होऊन पुढे केले होते आणि नचिकेता विद्येवर अडून बसला होता. त्या कथेत फुकट मिळत होते तेच प्रेय ठरले! तेव्हा जे फुकट ते श्रेय, असा नियम श्रुतीने कोठेही घातलेला नाही. म्हणून निकाल कॉलेजाच्या नावावरून नव्हे, तीन गोष्टींवरून करावा: हेतू कोणता, अट कोणती आणि भार कोणावर.

हेतू आणि अट यांचे उदाहरण कल्याणचेच आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी 1865 साली कल्याणास जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांचे दहा दिवसांचे मूल उपचारावाचून गेले. बायकांना बाई डॉक्टर हवी, हा हेतू तेथे पक्का झाला. 1880 साली त्यांचे यजमान गोपाळराव यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून साह्य मागितले. साह्य मिळण्यासारखे होते, पण ख्रिस्ती व्हावे ही त्याची अट होती. ती त्यांनी मान्य केली नाही. पुढे ते पत्र वाचून न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाईंनी कोणतीही अट न घालता आपले घर उघडे केले. 1883 साली आनंदीबाई गेल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून एम. डी. झाल्या. मात्र शरीराने साथ दिली नाही. 1887 च्या फेब्रुवारीत त्या वारल्या, वयाची बावीस वर्षेही भरली नव्हती. हेतू शुद्ध असला म्हणजे वाट सोपी होते असे नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

पण प्रत्येक अट वाईट असते काय? 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावी, अशी अट होती. त्यांनी ती पत्करली, कारण ती अट श्रमाची होती, आत्मा गहाण टाकण्याची नव्हती. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळायला ते बडोद्यास गेले. तेथे अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळेना. तो दोष घेणाऱ्याचा नव्हे, समाजाचा. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, 1920 साली पुन्हा लंडन गाठले आणि 1923 साली डी. एस्सी. मिळवली. आज सुटलेले कॉलेज कायमचेच सुटते, असे समजून रडत बसू नये.

आता भार. पुष्कळ आईबाप म्हणतात, "कर्ज काढू, पांडुरंग बघून घेईल." अहो, पायी वारीला निघणारासुद्धा दिंडीची भिशी आधी भरतो, शिधा बांधतो, मग टाळ हाती घेतो! देवावर भरवसा म्हणजे हिशेबाला सुट्टी नव्हे. थोरल्याच्या फीपायी धाकटीची शाळा सुटत असेल, तर त्या विद्येत चोरीचा अंश आला. आणि कर्ज मुलापासून लपवून ठेवणे हे प्रेम नव्हे. त्याला खरे आकडे सांगा, म्हणजे निवड त्याची होईल. शिष्यवृत्तीचा कागदही नीट वाचा. ती पहिल्याच वर्षाची की सर्व वर्षांची? गुण घसरले तर बंद होते काय? वसतिगृह, पुस्तके, रेल्वेचा पास त्यात धरले आहेत काय?

सिद्धान्त इतकाच. दोन कॉलेजांत फरक केवळ नावाचा असेल, चारचौघांत मिरवण्यापुरता असेल, तर शिष्यवृत्ती घ्यावी आणि संकोच करू नये; योग्याला मिळालेली मदत ही भीक नव्हे. पण हवी ती विद्या दुसरीकडे मिळतच नसेल, आणि भार उचलणारे सर्व जाणून, राजीखुशीने उचलत असतील, तर केवळ भयापोटी ती वाट सोडू नये.

दोन्हीकडे ऋण आहेच. एकीकडे दात्याचे, दुसरीकडे आईबापांचे. दात्याचे ऋण बहुधा त्याच्याच हातावर परत ठेवता येत नाही. आपल्या मागून येणाऱ्या एखाद्या पोराची फी भरली, म्हणजे ते फिटू लागते. मुलाने कोणतेही कॉलेज घेतले, तरी एवढे त्याच्या कानावर आजच घालून ठेवावे.